गाभण मेंढीला खुराक कमी करू नका, शेवटचा दीड महिना सांभाळा

आटपाडीच्या दादा, कोकरं दीड किलोची होतायत, उभी राहत नाहीत, मेंढीच्या कासेत चीक नाही आणि दिवसभर उसाचं वाडं नि कडबा भरपूर आहे, असं तुम्ही लिहिलंय. आमच्या कळपात हेच झालं होतं. "गाभणीला जास्त चारू नका, कोकरू मोठं होऊन अडेल," असं एका दवाखान्यात सांगितलं गेलं आणि आम्ही ऐकलं. त्या हंगामात सगळ्यात जास्त नुकसान या एका सल्ल्याने केलं. अजून राग जात नाही.

मेंढी साधारण 147 ते 150 दिवसांनी विते. कोकराची सत्तर टक्के वाढ शेवटच्या सहा आठवड्यांत होते, कासही तेव्हाच भरते. नेमकी त्याच वेळी गर्भाने जागा घेतल्याने पोटात वैरण कमी मावते. वाड्याने पोट फुगतं, पण त्यात प्रथिनं फार कमी. मेंढी पोटभर खाऊनही उपाशी राहते आणि अंगावरची चरबी जाळायला लागते. पोटात जुळी असतील तर ती कळपामागे राहते, दात खाते, आंधळ्यासारखी धडकते, मग बसते. अशा मेंढीला नुसतं कॅल्शियम टोचून वेळ घालवू नका. खाणं सोडलं त्याच दिवशी डॉक्टर बोलवा. तोवर प्रोपिलीन ग्लायकोल (लगेच ताकद देणारं पातळ औषध) 60 मिली, दिवसातून दोनदा, हळूहळू पाजा. बसल्यावर वाचणं अवघड.

दहा किलो खुराकाला मक्याचा भरडा 5 किलो, शेंगदाणा पेंड 2.5, गव्हाचा भुसा (कोंडा) 2.2, मिनरल मिक्श्चर 200 ग्रॅम, मीठ 100 ग्रॅम. मिक्श्चर मेंढ्यांचंच घ्या. गाईम्हशींच्यात तांबं जास्त असतं, ते मेंढीच्या काळजात (यकृतात) साठून विष होतं. सुरुवात दर मेंढीला रोज 100 ग्रॅमने करा, दहा दिवसांत 250 ते 300 वर न्या, जुळंवाल्या आणि दात पडलेल्या म्हाताऱ्या मेंढ्यांना 400 पर्यंत, दोन वेळांत विभागून. एकदम भरडा ओतलात तर पोट आंबून मेंढी मरेल. गव्हाणीत प्रत्येकीला दीड फूट जागा हवी, नाहीतर दांडग्या खातात नि गरीब तशाच राहतात. कडबा कुट्टी करून द्या, सोबत तुरीचं भुसकट किंवा शेवरी, सुबाभळीचा पाला थोडा थोडा.

लोकर दाट असल्याने डोळ्यांनी अंदाज येत नाही. दर पंधरा दिवसांनी पाठीवर हात फिरवा. मणके टोचले तर खुराक वाढवा. अंगाने आधीच लठ्ठ असेल तर मात्र शेवटी उपाशी ठेवून बारीक करू नका, तेही तितकंच घातक. कोकरू अडण्याची भीती खरी आहे, पण ती फार लठ्ठ मेंढीची. वाड्यावर जगणारीची नाही.

तुमच्याकडची चराई मला माहीत नाही, प्रमाण त्यानुसार थोडं बदलावं लागेल. आणि आंत्रविषाराची (आतड्यात विष तयार होऊन जनावर दगावतं त्या रोगाची) लस विण्याआधी तीन आठवडे टोचून घ्या. कोकराला ते संरक्षण चिकातूनच मिळतं, त्यामुळे पहिल्या तासात चीक पोटात गेलाच पाहिजे. कासेत नसेल तर दुसऱ्या ताज्या विलेल्या मेंढीचा काढून, कोकराच्या वजनाच्या दर किलोला 50 मिली याप्रमाणे बाटलीने पाजा.