तुझ्या एक्सेल शीटमधली पिवळी ओळ

बाळा,

नाव मुद्दाम लिहीत नाही, तुझ्या आईच्या हाती पत्र लागलं तर म्हणेल काका पोराला बिघडवायलेत.

तुझी शीट मिळाली. माझ्या मोबाईलवर उघडेना म्हणून आमच्या सायकलवाल्या गुरुजींच्या नातवाकडून लॅपटॉपवर उघडून घेतली, त्यामुळं आता ती गुरुजींनीबी पाहिली, आमच्यातल्याच शेटजींनीबी पाहिली, सॉरी. एसआयपी, पीपीएफ, फ्लॅटचे हप्ते सगळं लई व्यवस्थित मांडलंस, त्यातलं अर्धं मला कळत नाही म्हणून त्यावर बोलत नाही. पण ४५ ला काम सोडायचं म्हणतोस, त्या वय ४५ च्या खाली तू एक ओळ पिवळी केलीस, "सायकलिंग, सेलिंग, मित्र", आणि तिच्यापुढं रक्कम टाकलीस. आणि मला विचारतोस की काका तुम्ही साठीनंतर एवढी मजा करता तर महिन्याला किती धरू.

खर्चाचं आधी उरकून टाकतो. गिअरची साधी हायब्रिड सायकल पंधरा-वीस हजारात येते, हेल्मेट, पंप, दोन जास्तीच्या ट्यूबा, झालं. सेलिंगला वर्षातून एकदा सिकंदराबादला जातो, रेल्वेत नोकरी केल्यामुळं पास आहे. मित्रांचा खर्च म्हणजे चहा, तोही शेटजी देतात. आता ती रक्कम खोडून टाक, कारण मला जे सांगायचंय ते पैशाबद्दल नाहीच.

रिटायर झालो तेव्हा पहिले चार महिने मी घरात नुसता अडचण होतो बघ. पेपर दोनदा वाचायचा, गॅसवरचं दूध बघत उभं राहायचं, ते तरी उतू जायचंच. तुझी काकू एक दिवस म्हणाली, तुम्ही ड्युटीवर जा, कुठल्याबी. तेव्हा गुरुजींनी बोलावलं, उद्या साडेपाचला परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या गेटवर या. मी पोराची जुनी सायकल काढून गेलो. विद्यापीठातले रस्ते तुला माहितीच आहेत, दोन्हीकडं झाडं, सपाट, ट्रक नाही, आणि तरी पाच-सहा किलोमीटरात माझा जीव असा वर आला की समोर गुरुजी बोलायलेत, बोलायलेत, आणि मला नुसतं "हं" म्हणायलाबी दम नाही. त्यांचं वय तेव्हा ७१. मी ६०. घरी येऊन खोटंच सांगितलं की मस्त वाटलं.

गुडघे दुखायला लागले तेव्हा वाटलं वयानं दुखायलेत. पण प्रॉब्लेम सीटचा होता. सीट खाली होती, आपण सगळे लहानपणापासून पाय टेकले पाहिजेत म्हणून सीट खालीच ठेवतो, त्यानं गुडघा पूर्ण वाकलेला असतानाच त्याच्यावर जोर पडतो. टाच पॅडलवर ठेवायची, पॅडल एकदम खाली न्यायचं, तेव्हा पाय सरळ झाला पाहिजे, तेवढी सीट वर घ्यायची. आणि जड गिअर लावून रेटायचं नाही, हलका गिअर आणि पाय भरभर, मिनिटाला सत्तर-ऐंशी फेरे. तू जिमवाला आहेस, तुला वाटेल जड गिअर म्हणजे ताकद. आत्ता चालेल तुला. गुडघा मात्र हिशोब ठेवत असतो. बाकी एक सांगतो, सायकलीनं दम वाढतो, हाडांना मात्र फारसं काही मिळत नाही, कारण अंगाचं वजन सीटवर असतं. म्हणून चालणं आणि थोडं वजन उचलणं चालू ठेव, आमचे कंपाउंडर रोज हेच सांगतात आणि स्वतः करत नाहीत.

आता सराटे. पुण्यात तुला हे समजणार नाही. आपल्याकडं रस्ता सोडून कडेला एक चाक गेलं की टायरला सराटे, बाभळीचे काटे, पहिल्या वर्षी मी जितकी सायकल चालवली त्यापेक्षा जास्त उलटी करून ठेवली असंल. पंक्चर काढणं सोपं आहे, पण काटा टायरच्या आतच राहतो आणि नवी ट्यूब दहा मिनिटात बसते, म्हणून टायरच्या आतून बोट फिरवायचं, हळू, नाहीतर बोटालाच पंक्चर. शेवटी जुनी ट्यूब उभी कापून टायरच्या आत अस्तरासारखी घातली, सायकल थोडी जड झाली पण कटकट कमी झाली. हे मला दर्गा रोडच्या एका पंक्चरवाल्यानं शिकवलं, पैसे घेतले नाहीत, आणि आता दर रविवारी आमच्यात असतो.

दर शनिवारी पोखर्णीला जातो, नृसिंहाच्या दर्शनाला, वीसेक किलोमीटर. दर्शन म्हणायचं, खरी ओढ परतीच्या टपरीवरच्या मुरमुऱ्यांच्या सुशीलाची आणि मिरची भज्यांची आहे, देवाला ते माहिती आहे. डिसेंबर-जानेवारीत कुणाच्या तरी शेतावर हुरडा, आगटीपाशी बसून, दह्याची चटणी, गुळाचा खडा. मग येताना कुणाच्याच्यानं पॅडल मारवत नाही.

परभणीला घाट नाही. चढ नाही म्हणून लोकं म्हणतात तुमचं काय, सपाटच आहे. पण आपल्याकडं चढाचं काम वारा करतो, मोकळं काळं रान, मधे काहीच आडवं येत नाही. म्हणून जाताना वाऱ्याच्या तोंडाला जायचं आणि थकल्यावर वारा पाठीला घेऊन यायचं, उलटं केलं की मेलास. आणि वाऱ्यात एकामागं एक लागून चालायचं, पुढच्याच्या आडोशानं मागच्याला जोर बराच कमी लागतो, थोड्या वेळानं पुढचा मागं येतो. आमच्यात शेटजी कधीच पुढं जात नाहीत. सहा वर्षं झाली. आम्ही काही म्हणत नाही कारण त्यांचं ऑपरेशन झालेलं, आणि तेही पहिल्या वर्षी सगळ्यांना लाजत होते, आता लाजत नाहीत, आरामात मागं बसतात आणि गाणी म्हणतात.

मीबी एकदा हिरोगिरी केली. दोनशे किलोमीटरची बीआरएम, म्हणजे लांब पल्ल्याची सायकल फेरी. ती रेस नसते, साडेतेरा तासांत पूर्ण करायची असते, वाटेत ठरलेल्या ठिकाणी शिक्के घ्यायचे. मी ६१ चा. ऊन्ह, दोन पंक्चर आणि एका ठिकाणी झाडाखाली लागलेली झोप धरून मी पोचलो चौदा तास दहा मिनिटांनी. बाद. गुरुजी जीपमधून घ्यायला आलेले, त्यांनी विचारलं मेडल कुठंय, मी म्हणलं नाही, तर म्हणाले बरं झालं, नाहीतर तुम्ही आमच्यात आला नसता.

आता सेलिंगचं. तुला हसू येईल, ज्या मराठवाड्यात २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथला माणूस शिडाच्या होडीच्या गप्पा मारायलाय. ती पाण्याची गाडी निघाली तेव्हा मी नोकरीतच होतो, ते दिवस विसरत नाही. पण आपल्याला समुद्र नसला तरी हैदराबाद आहे. १९४८ च्या १७ सप्टेंबरपर्यंत आपली राजधानीच ती, माझे आजोबा कोर्टाच्या कामाला तिकडंच जायचे, मुंबई त्यांनी आयुष्यात पाहिली नाही. माझी बदली सिकंदराबादला झाली तेव्हा मी ५३ चा होतो, आणि ऑफिसातला एक तेलुगू मित्र मला हुसेनसागरवर घेऊन गेला. कुतुबशाहीतलं, सोळाव्या शतकातलं तळं, मधोमध बुद्धाची उंच मूर्ती. शिकवणाऱ्यानं पहिल्या दिवशी होडी दाखवलीच नाही, त्या मूर्तीकडं बोट केलं. १९९० साली बार्जवरून नेताना ती मूर्ती या तळ्यात बुडाली, माणसं गेली त्यात, दोन वर्षांहून जास्त काळ तळाशी होती, १९९२ ला वर काढून उभी केली. एवढं सांगून त्यानं लाईफ जॅकेट हातात दिलं आणि म्हणला, पोहता येतं हे मला सांगू नका. तेव्हापासून मी ते जॅकेट घातल्याशिवाय येलदरी धरणावर भोयांच्या होडीतसुद्धा बसत नाही, ते हसतात, हसू दे.

लेसर म्हणून एक छोटी होडी असते, एकट्यानं चालवायची. एका हातात सुकाणूचा दांडा, दुसऱ्या हातात शिडाची दोरी, आणि बूड होडीच्या काठावर. वाऱ्याच्या समोर सरळ जाता येत नाही, शीड नुसतं फडफडतं आणि होडी उभी राहते. वाऱ्याच्या साधारण पंचेचाळीस अंश एका अंगाला जायचं, मग वळवून दुसऱ्या अंगाला, असं नागमोडी करत वाऱ्याच्याच दिशेला पोचायचं. वळताना शिडाचा खालचा दांडा डोक्यावरून फिरतो, वाकायला विसरलास की टेंगूळ. मला तीन आली. गंमत म्हणजे वारा ओळखणं मला लवकर जमलं, बाकीची तरणी पोरं झेंडे बघत बसायची. आमचे वडील खळ्यावर तिपाईवर उभं राहून ज्वारी उपणायचे, आधी चिमूटभर माती सोडून बघायचे, गालाला वारा कुठून लागतो ते बघायचे, आणि वारा पडला की टोपलं घेऊन तसेच उभे, बोलायचं नाही कुणी. माझं ते लहानपणीचं बघणं हुसेनसागरवर कामाला आलं. वडिलांना सांगायचं होतं, ते तेव्हा नव्हते.

पण वारा ओळखला तरी झोत आला की मी घाबरून दोरी घट्ट ओढायचो आणि होडी पालथी. सोडायची असते दोरी, ढिली केली की होडी आपोआप सरळ होते, हे डोक्याला कळायचं, हाताला कळायचं नाही. पहिल्या महिन्यात किती वेळा पाण्यात पडलो मोजलं नाही, आणि त्या तळ्याच्या पाण्याचा वास काय सांगू. पालथी होडी सरळ करायला तिच्या पोटातून जी फळी निघते तिच्यावर उभं राहून मागं झुकायचं, आणि मी ढेरपोट्या माणूस, फळीवर चढेपर्यंत बाजूला बारा वर्षांची पोरं त्यांच्या होड्यांत बसून "अंकल, कमॉन" करायची. साहेब होतो ना मी, चाळीस लोकं हाताखाली, पंचवीस वर्षं कुणी मला चुकलेलं पाहिलं नव्हतं, म्हणजे पाहिलं असंल पण बोललं नव्हतं. आणि इथं भर तळ्यात माझा फजितवाडा. तो तेलुगू मित्र काठावर पोट धरून हसायचा. पुढच्या आठवड्यात तो पडायचा, मी हसायचो. नोकरीत इतकी माणसं भेटली, रिटायर झाल्यावर फोन त्याचाच येतो, जुलै लागला की, वारा सुरू झालाय म्हणून. मग मी अर्ध्या रात्री अजिंठा एक्स्प्रेस धरतो, सकाळी तिकडं. आता आम्ही दोघं मिळून एका होडीत बसतो, फार पळवत नाही, बुद्धाला एक फेरी मारायची आणि इराणी चहा.

तर ४५ चं तुझं गणित मला इथं खटकतंय बघ. तुला वाटतं तोपर्यंत काम, आणि मग पैसे घेऊन गेलं की मजा काउंटरवर मिळते. मला सेलिंग ५३ ला आलं, सायकल ६० ला, वयानं काही अडलं नाही, ती भीती नको घेऊस. पण फजिती पाहायला माणसं लागतात, आणि ती पिवळ्या ओळीत टाकून विकत घेता येत नाहीत. गेल्या दिवाळीला तू आलास, तुझा शाळेतला तो दोस्त, मेडिकलवाला, दोनदा घरी येऊन गेला आणि तू आत कॉलवर. तुझ्या शीटमध्ये तो कोणत्या वर्षी येतो?

मी काही शहाणा होतो म्हणून सांगत नाही. माझाबी एक होता. आम्ही तासाच्या भाड्यानं एक सायकल घ्यायचो, डबल सीट, जाताना तो मारणार येताना मी, आणि येताना वारा कायम तोंडावर, हे त्यानं मुद्दाम ठरवलं होतं हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. पुढं एका प्लॉटच्या व्यवहारात आमचं बिनसलं. चूक त्याची होती असं मी अकरा वर्षं म्हणतोय, तोही तसंच म्हणत असंल. तो रोज सकाळी विद्यापीठात फिरायला येतो, पांढरी टोपी, हातात काठी. आम्ही पाच-सहा जण गप्पा मारत त्याच्या बाजूनं जातो. गुरुजी त्याला नमस्कार करतात. मी पुढं बघतो. वाऱ्याशी कसं वागायचं ते मला कळतं आणि हे अजून जमलेलं नाही, मागच्या महिन्यात फक्त एकदा त्याच्याजवळ आल्यावर घंटी वाजवली, गरज नसताना. त्यानं मागं वळून न बघता काठी जरा वर केली. आता ती बाजूला हो म्हणून होती की काय, गुरुजींचं आणि माझं यावर एकमत नाही.

दिवाळीला येशील तेव्हा लॅपटॉप आण, तुझं काम आहे, समजतं. पण शनिवारी सकाळचा कॉल घेऊ नको. मेडिकलवाल्याला मी सांगून ठेवलंय, त्याच्याकडं सायकल आहे, नुसती गंज खायलीय. तुझ्यासाठी पोराची जुनी काढतो, सीट तुझ्या उंचीला वर करून ठेवतो, हेल्मेट तुझं तू आण, माझं तुला होणार नाही. साडेपाचला विद्यापीठाच्या गेटवर. कुणासाठी थांबत नाही आम्ही, फक्त शेटजींसाठी थांबतो, कारण चहाचे पैसे तेच देतात.

तुझा
काका