दारू सोडताना फिटची गोळी?

प्रश्न : दीर रोज दोन-तीन क्वार्टर देशी पितात. मागे एकदम सोडली तर दुसऱ्याच दिवशी फिट आली. मेडिकलवाल्याने फेनिटॉइन दिलंय. ते देऊन घरीच सोडवू का?
– एक वाचक, जि. हिंगोली

उत्तर : ताई, घरी नको. एकदा फिट आलेल्या माणसाची दारू दवाखान्यात भरती करूनच सोडवावी. तोवर पिणं एकदम तोडू नका.

दारूच्या फिटवर फेनिटॉइन चालत नाही. ते अपस्माराचं, म्हणजे मिरगीचं औषध. या फिट शेवटच्या पेल्यानंतर ६ ते ४८ तासांत येतात. भ्रम, थरकाप, ताप बहुधा ४८ ते ९६ तासांत, आणि हा प्रकार जीवघेणा ठरू शकतो. मुख्य औषध क्लोरडायझेपॉक्साइड किंवा डायझेपाम, रोज डोस उतरवत. लिव्हर खराब असेल तर लोराझेपाम. कार्बामाझेपिन, गॅबापेंटिन ही फिटची दुसरी औषधं फक्त सौम्य त्रासात. कार्बामाझेपिनने रक्तातलं सोडियम उतरू शकतं, अंगावर पुरळ येऊ शकतं. गॅबापेंटिन किडनी पाहून. व्हॅल्प्रोएट हे फिटचं आणखी एक औषध, ते खराब लिव्हरला नकोच.

सलाइन लावून घ्यायची आपल्याकडे फार हौस! पण ग्लुकोजच्या आधी थायामिनचं (व्हिटॅमिन बी-१) इंजेक्शन हवं, नाहीतर मेंदूला इजा होऊ शकते.

फिट आलीच तर कुशीवर वळवा, तोंडात चमचा घालू नका, १०८ ला फोन करा.