पाकीट द्याच, पण त्यासोबत…

मेलबर्नहून एका ताईंचं पत्र आलंय. त्यांच्या जिवलग मैत्रिणीच्या मुलीचं नोव्हेंबरात लग्न आहे. मुलगा आयरिश वंशाचा, ऑस्ट्रेलियातच वाढलेला. पत्रिकेत ‘विशिंग वेल’चा उल्लेख आहे, म्हणजे वस्तू नकोत, पैसे चालतील. ताई लिहितात, ‘ही पोर माझ्या डोळ्यांसमोर मोठी झाली. तिच्या हातात नुसतं पाकीट ठेवायला मन धजत नाही. आणि काही घेतलं तर ते अडगळीत जाईल, अशी धास्ती वाटते.’

ताई, पाकीट द्याच. दोघांनी विचार करूनच तसं कळवलंय. भाड्याच्या घरात चौथा डिनर सेट ठेवायचा कुठे? आपल्याकडेही आहेराचं पाकीट असतंच. त्यावर एक रुपयाचं नाणं चिकटवायला मात्र विसरू नका. रक्कम शून्यावर थांबू नये, पुढे वाढती राहावी, म्हणून हा वरचा रुपया, हे नवरदेवाच्या आईला आवर्जून सांगा. तिला ते मनापासून आवडेल.

आता दुसरी भेट. परदेशातल्या लग्नाला निघालो की काहीतरी ‘आपलं’ न्यावं असं वाटतं आणि आपण गणपती घेतो. माझ्या ओळखीच्या एका मुलीला लग्नात नऊ गणपती आले. देवाची मूर्ती टाकवत नाही, कुणाला देऊन टाकायलाही जीव होत नाही. तीन घरं बदलली तिने, खोकं दर वेळी सोबत. अन्नपूर्णेचं तर आणखी वेगळं आहे. गौरीहरापाशी पुजलेली अन्नपूर्णा मुलगी माहेरून घेऊन जाते. तो मान तिच्या आईचा. मैत्रिणीला विचारल्याशिवाय त्यात पडू नका. वारली चित्राची फ्रेम घ्यायची असेल, तर चित्राची गोष्ट माहीत करून घ्या. वारल्यांच्या घरी लग्नात सवाशिणी भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, त्यात पालघाट देवी असते, आणि चौकाशिवाय लग्न लागत नाही. लग्नाच्या भेटीला तेच चित्र शोभेल. नुसती नाचणारी माणसं तर हल्ली कपबशीवरही असतात.

तुमच्या जागी मी असते, तर गोधडी दिली असती. मुलीच्या आजीची जुनी सुती लुगडी, आईच्या एकदोन साड्या, आणि त्यांच्या जोडीला नवरदेवाच्या आजीचा टेबलक्लॉथ नाहीतर आजोबांचे शर्ट. दोन्ही घरांचं कापड एका धावदोऱ्याखाली येतं. महाराष्ट्रात गावोगावी बायका आपण दिलेल्या कापडातून गोधड्या शिवून देतात. ओळखीतून चौकशी केलीत तर नक्की कुणी सापडेल. कापड जुनं असलं तरी विरलेलं नको, नाहीतर दोन धुण्यांतच फाटतं. माझ्या अंगावर अजून आजीच्या लुगड्यांची गोधडी असते. त्यातलं हिरवं लुगडं ती कोणत्या दिवाळीत नेसली होती, ते मला आईने सांगितलंय, आणि मी माझ्या मुलीला सांगितलंय. गोधडी देताना कुठला तुकडा कुणाचा, ते एका कागदावर लिहून द्या. तो कागद अजिबात टाळू नका.

दुसरी गोष्ट पैशांनी मिळण्यासारखी नाही. एक मंगलाष्टक लिहा. पूर्वी मावश्या, आत्या, काका वधूवरांची नावं गुंफून स्वतः मंगलाष्टकं रचायचे, छापून वाटायचे आणि अंतरपाटाशी उभं राहून म्हणायचे. वृत्त बहुधा शार्दूलविक्रीडित: ओळीत १९ अक्षरं, बाराव्यावर यती म्हणजे थांबा, शेवटी ‘कुर्यात् सदा मङ्गलम्’. वृत्त जमेना, तर चालीवर ओठांतल्या ओठांत म्हणत शब्द बसवत जा. कान बरोबर सांगतो कुठे अडतंय ते. त्यात मुलीचं लहानपण आणा. तिच्या सासरच्यांचं आयर्लंडमधलं मूळ गाव माहीत असेल तर तेही आणा. अंतरपाटापलीकडच्या मंडळींना एरवी फक्त सूर ऐकू येतो; त्यात आपल्या गावाचं नाव कानावर पडलं की ती माणसं चटकन मान वर करतात. मी हे एका लग्नात पाहिलंय. नवरदेवाचे वडील नंतर तो कागद मागायला आले होते. एका बाजूला देवनागरीत मंगलाष्टक आणि दुसऱ्या बाजूला त्याचा इंग्रजी अर्थ, असं कार्ड करून घ्या.

भांडं द्यायची फार इच्छा असेल, तर त्यावर नाव घालून घ्या. भारतात भांड्यांच्या दुकानात अजून हे काम करून देतात. माझ्या मामाने दिलेल्या पातेल्यावर त्याचं नाव आणि माझ्या लग्नाची तारीख आहे. मामा आता नाही, पण दूध त्याच पातेल्यात तापतं. एक मात्र बघा: तांब्यापितळेचं भांडं इंडक्शनच्या शेगडीवर तापत नाही, आणि आंबट शिजवायचं तर आतून कल्हई लागते, कल्हईवाला तुम्ही तिकडे कुठे शोधणार? स्टीलचा मिसळणाचा डबा किंवा बिडाचा तवा द्या. बीड म्हणजे लोखंडच, ते इंडक्शनवर चालतं. जड असतं, २३ किलोंच्या बॅगेत त्याचा हिशेब आधी धरा.

सामान भारतातून आणणार असाल तर ऑस्ट्रेलियाचे नियम कडक आहेत. लाकडी पोळपाट, सूप, परडी, सुपारी, हळकुंडं, अक्षतांचे तांदूळ: यातलं काहीही असलं तर विमानात मिळणाऱ्या कार्डावर जाहीर करा. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतील. लपवलेली सापडली तर मोठा दंड होतो.

उलट, तुम्ही परदेशात आणि लग्न भारतात असलं, तर आहेराची रक्कम थेट वधूच्या किंवा वराच्या खात्यात पाठवा. स्वतःच्या लग्नात मिळालेल्या भेटीवर तिथे प्राप्तिकर लागत नाही, पण ही सवलत लग्न करणाऱ्यालाच आहे, त्याच्या आईवडिलांना नाही.

आणि सगळं लग्नाच्या दिवशीच द्यायला हवं असं थोडंच आहे? नोव्हेंबरनंतर दोन महिन्यांत तिची पहिली संक्रांत येते. आपण थंडीतली काळी साडी म्हणतो, पण तिकडे जानेवारी म्हणजे भर उन्हाळा, तेव्हा पातळ सुती काळी साडी बघा. हलव्याचे दागिने आणलेत तर तेही विमानातल्या कार्डावर लिहा. त्या दिवशी तिला घरी बोलावून दागिने घालणारं माणूस तिकडे तुमच्याशिवाय कोण आहे?

गोधडीला वेळ लागतो. तेव्हा मैत्रिणीला आजच फोन करा आणि आजीची लुगडी कुणाच्या कपाटात आहेत ते विचारा.