चढच नसलेल्या रेषेला लंब कसा काढावा?

प्रश्न : माझी मुलगी अकरावीत आहे. २क्ष + ३य = ६ या रेषेला समांतर आणि लंब असणाऱ्या, (४, १) या बिंदूतून जाणाऱ्या रेषा तिने चढाच्या सूत्राने बरोबर काढल्या. मात्र मूळ रेषा क्ष = ५ अशी दिल्यावर ती अडली. या रेषेला चढच नसेल, तर ‘चढांचा गुणाकार −१’ हा नियम लावायचा कसा?

उत्तर : आपल्या मुलीची शंका रास्त आहे, तो नियम येथे लागूच होत नाही. चढ म्हणजे य मधील बदलाला क्ष मधील बदलाने भागून येणारी संख्या. उभ्या रेषेवर क्ष बदलतच नाही, त्यामुळे शून्याने भागण्याची वेळ येते. दोष रेषेचा नाही, भागाकाराचा आहे. तेव्हा भागाकारच टाळून सहगुणकांकडे, म्हणजे क्ष आणि य यांना गुणणाऱ्या संख्यांकडे, पाहावे.

२क्ष + ३य = ६ या रेषेवर ३ एकक उजवीकडे गेल्यास २क्ष मध्ये ६ ची भर पडते, म्हणून ३य तेवढेच घटावे यासाठी २ एकक खाली उतरावे लागते. आता आलेखाचा कागद घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने काटकोनात फिरवला, तर ‘उजवीकडे ३, खाली २’ ही चाल ‘वर ३, उजवीकडे २’ अशी होते, आणि या चालीला जुळणारे समीकरण ३क्ष − २य = स्थिर संख्या असे असते. सहगुणकांची अदलाबदल झाली आणि एकाचे चिन्ह बदलले, एवढेच. (चिन्ह बदलायला विसरणे ही यातली नेहमीची चूक.) −२/३ आणि ३/२ या चढांचा गुणाकार −१ येतो तो यामुळेच.

स्थिर संख्या दिलेला बिंदू ठरवतो. (४, १) ठेवल्यास ३ × ४ − २ × १ = १०, म्हणून लंब रेषा ३क्ष − २य = १०. समांतर रेषेसाठी सहगुणक तसेच ठेवावेत : २ × ४ + ३ × १ = ११, म्हणून २क्ष + ३य = ११.

क्ष = ५ हे समीकरण १क्ष + ०य = ५ असे लिहिले, की अदलाबदल करून ०क्ष − १य मिळते; (४, १) मधून जाणारी लंब रेषा य = १ आणि समांतर रेषा क्ष = ४.

दिलेला बिंदू मूळ रेषेवरच असला, उदाहरणार्थ पहिल्या रेषेवरील (३, ०), तर समांतर रेषा काढताना मूळ समीकरणच परत येते. अशा वेळी आपले गणित चुकले असे समजून मुले उत्तर खोडतात. ते खोडू नये, फक्त दोन्ही रेषा एकच आहेत असे लिहावे.