न्यूझीलंडमध्ये आई-बाबा आणि लहान मुलीला घेऊन दहा दिवस मोटरहोमने फिरणं जमेल का?

तुम्ही विचारलंय की डिसेंबरात दहा दिवस हातात आहेत, सोबत सत्तरीला टेकलेले आई-बाबा आणि सहा वर्षांची मुलगी आहे, मोटरहोम, म्हणजे पलंग, स्वयंपाकघर आणि टॉयलेट असलेली गाडी, आधी कधी चालवलेली नाही, तर दोन्ही बेटं होतील का. मी क्राइस्टचर्चला राहते. आम्ही सुट्टीत असेच फिरतो आणि भारतातून आलेल्या नातेवाइकांनाही असंच फिरवलंय. तुम्हाला जमेल, नक्की जमेल, पण दोन्ही बेटं नकोत.

दक्षिण बेटावरच्या पिक्टनहून उत्तर बेटावरच्या वेलिंग्टनला जाणाऱ्या बोटीलाच साडेतीन तास लागतात, वर गाडी चढवायची रांग वेगळी. त्यापेक्षा फक्त दक्षिण बेट घ्या, आणि तेही अख्खं नको. क्राइस्टचर्च, टेकापो, आओराकी माउंट कुक, वानाका, ते आनाऊ असं करा आणि गाडी क्वीन्सटाउनला सोडून तिथून विमान पकडा. पश्चिम किनारा सुंदर आहे, पण यावेळी राहू द्या.

याचं कारण, मोटरहोमचा वेळ नकाशावर दिसत नाही. क्राइस्टचर्च ते टेकापो सव्वादोनशे किलोमीटर. कारला तीन तास, तुम्ही चार-साडेचार धरा. शिवाय रोज सकाळी निघताना घर आवरावं लागतं: विजेची केबल काढून गुंडाळायची, गॅस बंद करायचा, छताची खिडकी खाली घ्यायची, प्रत्येक कपाटाची आणि ड्रॉवरची कडी लावायची. एक कडी राहिली तरी पहिल्याच वळणावर डबे-ताटल्या खाली येतात. म्हणून दिवसाला चार तासांपेक्षा जास्त गाडी चालवू नका आणि शक्य तिथे एका जागी दोन रात्री काढा. डिसेंबरात इथे नऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे दुपारी पोचून थांबलात तरी अर्धा दिवस मोकळा मिळतो. आई-बाबांना तोच वेळ सुखाचा जाईल.

टॉयलेटबद्दल कुणी नीट सांगत नाही म्हणून सांगते. टॉयलेटच्या खाली एक कॅसेट असते, सूटकेसएवढी, बाहेरच्या बाजूने ओढून काढायची. डंप स्टेशनवर, म्हणजे मैला-सांडपाणी टाकायच्या ठरलेल्या जागी न्यायची, झाकण उघडून रिकामी करायची, तिथल्याच नळाने खळखळून धुवायची, थोडं पाणी आणि औषध टाकून परत बसवायची. इतक्या माणसांत हे जवळजवळ रोजचं काम आहे. सिंकचं सांडपाणी वेगळ्या पाइपने तिथेच सोडायचं. हॉलिडे पार्कमध्ये, म्हणजे मोटरहोम लावायच्या पैसे भरून राहायच्या तळावर उतरलात तर तिथली बाथरूम वापरा, कॅसेट दोन दिवस टिकेल.

कुठेही तळ्याकाठी गाडी लावून झोपता येतं हा समज मात्र काढून टाका. 2023 च्या कायद्यानंतर नियम कडक झालेत. सरकारी किंवा नगरपालिकेच्या मोकळ्या जागी राहायला गाडीत कायमचं बसवलेलं टॉयलेट आणि तसं प्रमाणपत्र लागतं, आणि ते असलं तरी बऱ्याच ठिकाणी मनाई असतेच. डिसेंबर ऐन हंगाम आहे, त्यामुळे हॉलिडे पार्क आत्ताच बुक करा, विजेची जागा मागून. प्लग, मायक्रोवेव्ह केबल जोडल्यावरच चालतात. एक रात्र मात्र माउंट कुकच्या पायथ्याशी व्हाइट हॉर्स हिल कॅम्पला काढा. वीज नाही, पण समोर हिमनद्या लटकलेल्या दिसतात आणि केआ पॉइंटची तासाभराची पायवाट तिथूनच निघते. बाबांना सहज झेपेल. केआ म्हणजे इथला डोंगरी पोपट. तो खिडक्यांचं रबर उचकटतो, त्याला खायला घालू नका.

गाडी डाव्या बाजूनेच चालवायची आणि तुमचा परवाना इंग्रजीत असेल तर चालतो. साडेतीन टनांवरच्या गाडीला वेगमर्यादा 90 आहे. एकेरी पुलांकडे लक्ष द्या. लाल कडेची गोल पाटी दिसली की आपण थांबायचं, समोरच्याला आधी येऊ द्यायचं. निळी चौकोनी पाटी असेल तर आपला हक्क आधी, तरी पूल मोकळा आहे का बघूनच शिरा. मागे गाड्या साचल्या की डावीकडे जागा बघून थांबा आणि त्यांना जाऊ द्या. मिलफर्ड साउंडला, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या खाडीला, ते आनाऊहून बसनेच जा. जवळपास 120 किलोमीटर, होमर बोगदा आणि त्यापुढचा तीव्र उतार. नवख्या माणसाने सातेक मीटरची गाडी तिथे न्यावी असं मला वाटत नाही, आणि बसमध्ये तुम्हालाही डोंगर बघायला मिळतील.

मुलीला कायद्याने चाइल्ड सीट लागते आणि ती मोटरहोमच्या प्रत्येक सीटवर बसत नाही, तेव्हा बुकिंग करतानाच विचारा. चालत्या गाडीत सगळ्यांनी पट्टे लावून बसायचं, आईंना मागच्या पलंगावर आडवं होता येणार नाही.

घरून खाऊ आणाल तर एकूण एक वस्तू देशात शिरताना भरायच्या फॉर्मवर लिहा. लपवलेल्या वस्तूला जागच्या जागी 400 न्यूझीलंड डॉलर दंड आहे. मध तर आणूच नका. पीठ, डाळी, मसाले क्राइस्टचर्चच्या भारतीय दुकानांत मिळतात. फोडणी मात्र हॉलिडे पार्कच्या सामायिक स्वयंपाकघरात द्या. गाडीत दिलीत तर स्मोक अलार्म वाजतोच, आणि तेलाचा वास पांघरुणांत बसतो तो शेवटपर्यंत जात नाही.

ज्या दिवशी उतराल त्या दिवशी गाडी ताब्यात घेऊ नका. इथलं घड्याळ डिसेंबरात भारतापेक्षा साडेसात तास पुढे असतं, झोप झालेली नसते. एक रात्र हॉटेलात काढून सकाळी गाडी घ्या. कंपनीचा माणूस सगळं दाखवतो तेव्हा त्याचा व्हिडिओ करून ठेवा. आणि विम्यात छताचं आणि गाडीच्या खालच्या बाजूचं नुकसान धरलंय का ते सही करण्याआधी वाचा, कारण बऱ्याच करारांत ते वगळलेलं असतं.