देणगी का वर्गणी? आणि बदल्यात काय भेटेल?

प्रश्न असा आहे की फुकट चालणाऱ्या ऑनलाइन समूहाच्या सर्वरखर्चाला पैसे दिले तर ती देणगी म्हणायची का वर्गणी, आणि देणाऱ्यानं बदल्यात काही मागावं का.

देणगीचं सोपं आहे, बदल्यात काही नाही. गोड गळ्याला आपण देवाची देणगी म्हणतो, देव काही त्याचा हप्ता मागायला येत नाही. खरा घोळ वर्गणीत आहे, कारण हा एकच शब्द आपण दोन जागी वापरून राहिलो नं. गणपतीत नागपूरच्या महाल भागातली पोरं पावतीपुस्तक घेऊन दारात येतात ती एक वर्गणी, तिच्यात पावती भेटते, हिशेब विचारायचा हक्क राहतो (विचारते कोण ते सोडा), पण आरास न देणाऱ्यालाही तेवढीच दिसते. दुसरी मासिकाची वार्षिक वर्गणी, तिथे अंक नाही आला तर वर्गणीदार भांडतो आणि त्याचं बरोबरच असते. आता समूहानं नुसतं 'वर्गणी द्या' लिहिलं की एक जण मंडळवाली समजून देते आणि विसरते, दुसरा मासिकवाली समजतो आणि म्हणतो मी पैसे भरले, मग माझं म्हणणं आधी ऐका.

विकिपीडियाला लोक पैसे देतात ती देणगी, कारण देणाऱ्याला लेख बदलायचा जास्तीचा अधिकार त्यानं भेटत नाही, छदाम न देणाराही तेवढंच संपादन करू शकतो.

देणाऱ्याचं नाव लावलं तर ते बदल्यात घेणं झालं का? मला नाही वाटत. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीच्या रस्त्यांवर जेवणाच्या स्टॉलवर देणाऱ्यांचे बॅनर असतात, म्हणून ते जेवण काही विकत होत नाही. जीएसटीवालेही हेच म्हणतात, ऑक्टोबर २०१९ च्या परिपत्रकात आहे की धर्मादाय संस्थेनं देणगीदाराचं नाव आभार म्हणून लावलं आणि त्यात त्याच्या धंद्याची जाहिरात नसली तर कर नाही. जाहिरात झाली की मामला बदलला. शब्दाचा अर्थ टॅक्सवाल्यांनी इतका नीट लावावा, नवलच आहे बाप्पा!

तर समूहानं 'देणगी' लिहावं आणि जमाखर्च न मागता टाकावा, तेवढी अपेक्षा रास्त आहे. पैसे देणाऱ्यालाच वेगळी सोय द्यायची असेल तर सरळ 'सभासद शुल्क' लिहा, मग तो भांडायला मोकळा.