आय-७ नाही घेऊन दिला तर मुलगा मागे पडेल का?

प्रश्न: माझा मुलगा कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याच्या लॅपटॉपमध्ये आय५-१२३५यू प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि एसएसडी आहे. अँड्रॉइड अ‍ॅपचं काम करताना तो सारखा अडकतो. मुलगा म्हणतो, आय-७ हवाच, नाहीतर प्रोजेक्ट रखडतील आणि पुढे नोकरी मिळायला जड जाईल. दुरुस्ती करणारे मदरबोर्ड बदलून आय-७ करून देतो म्हणतात. नाहीतर आय७-१२५५यू असलेला दुसरा लॅपटॉप घ्या म्हणतात. दोन्हींसाठी पुढच्या वर्षाच्या फीचे पैसे मोडावे लागतील. नाही म्हणताना आपणच त्याच्या आड येतोय असं वाटतं. काय करावं?

उत्तर: ताई, नमस्कार.

फीच्या पैशांना हात लावू नका, हे आधी सांगते. मुलगा उगाच हट्ट करतोय असं मात्र मला वाटत नाही. त्याचा लॅपटॉप खरोखरच अडकत असणार. पण तो प्रोसेसरमुळे अडकतोय की आणखी कशामुळे, हे अजून कुणी पाहिलेलंच दिसत नाही.

आधी मदरबोर्डचं बघू. लॅपटॉपचा प्रोसेसर साधारणपणे मदरबोर्डवर, म्हणजे लॅपटॉपच्या मुख्य पाटीवर, सोल्डर केलेला (डाग देऊन पक्का बसवलेला) असतो. इंटेलच्या २०१३ च्या चौथ्या पिढीपर्यंत काही लॅपटॉपमध्ये तो सॉकेटमधून काढून बदलता यायचा. नंतर ती सोय गेली. म्हणून तुम्हाला अख्खा बोर्ड बदलायला सांगतात. एवढा खर्च जुन्या लॅपटॉपवर करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता दुसऱ्या लॅपटॉपचं. आय-५ आणि आय-७ या नावांमुळे फरक मोठा वाटतो. पण तुम्ही लिहिलेले दोन प्रोसेसर शेजारी ठेवून पाहा. दोन्ही एकाच पिढीचे. दोन्हींत २ मोठे आणि ८ छोटे असे १० कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग), दोन्हींत १२ एमबी कॅश (प्रोसेसरची स्वतःची छोटी मेमरी), दोन्ही १५ वॉटचे. कमाल वेग आय-५ चा ४.४ गिगाहर्ट्झ, आय-७ चा ४.७. म्हणजे साधारण ७ टक्के फरक. दहा मिनिटं चालणारं काम सगळं जुळून आलं तर ४० सेकंद आधी संपेल. पातळ लॅपटॉप तापला की प्रोसेसर आपणच वेग उतरवतो, तेव्हा तेवढंही हाती लागत नाही. एवढ्यासाठी एका वर्षाची फी मोडायची का, हे तुम्हीच ठरवा.

मला खरा संशय आहे तो ८ जीबी रॅमचा, म्हणजे चालू काम तात्पुरतं मांडून ठेवायच्या जागेचा. अँड्रॉइड स्टुडिओ (अ‍ॅप बनवायचं गूगलचं सॉफ्टवेअर) एम्युलेटरसकट, म्हणजे लॅपटॉपवरच चालणाऱ्या नकली फोनसकट, चालवायचा तर गूगल स्वतःच किमान १६ जीबी सांगतं. त्यात ब्राउझरच्या वीस-पंचवीस टॅब उघड्या असतील तर रॅम भरून जाते आणि विंडोज उरलेला पसारा एसएसडीवर, म्हणजे फाइली कायमच्या साठवायच्या जागेवर, हलवत बसतं. एसएसडी कितीही चांगली असली तरी रॅमपेक्षा कितीतरी संथ. मग प्रोसेसर नुसता वाट बघत राहतो, आणि समोर बसलेल्या मुलाला वाटतं की प्रोसेसरच कमजोर आहे. मी पाहिलेल्या मुलांमध्ये ही गफलत वारंवार होते.

हे घरीच तपासता येतं. मुलाला सांगा, लॅपटॉप अडकेल त्याच क्षणी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणं एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघड. ‘परफॉर्मन्स’मध्ये मेमरी (म्हणजेच रॅम) ९० टक्क्यांच्या वर असेल तर रॅम वाढवायला हवी. तिथेच रॅमचे किती स्लॉट (बसवायच्या खाचा) आहेत आणि किती वापरात आहेत, हेही बहुधा दिसतं. एक रिकामा असेल तर तुमचं काम फारच थोडक्यात होईल. काही लॅपटॉपमध्ये रॅमही सोल्डर केलेली असते, म्हणून विकत घेण्याआधी नक्की करून घ्या. अ‍ॅप बिल्ड होत असताना, म्हणजे कोडचं चालणारं अ‍ॅप तयार होत असताना, प्रोसेसर १०० टक्के दिसला तर घाबरू नका, त्या वेळी तो तसाच दिसतो. मेमरीत भरपूर जागा असूनही प्रोसेसर दर वेळी मिनिटं-मिनिटं १०० वर टेकलेला असेल, तर मात्र मुलाचं म्हणणं बरोबर आहे. तसं असलं तरी आधी पंख्यातली धूळ काढून घ्या, लॅपटॉप गादीवर ठेवून वापरणं थांबवा आणि मग पुन्हा बघा.

जास्त ताकदीचा प्रोसेसर लागतो अशी कामं आहेतच: व्हिडिओ एडिटिंग, थ्रीडी रेंडरिंग, मोठी सिम्युलेशन. मुलगा तिकडे वळला तर नवा लॅपटॉप जरूर घ्या. पण तेव्हा नावातल्या ७ वर जाऊ नका, शेवटचं अक्षर वाचा. ‘यू’ म्हणजे कमी वीज खाणारा. ‘एच’ म्हणजे साधारण ४५ वॉटचा, जड कामासाठी बनवलेला. त्याच पिढीचा एच वर्गातला आय-५ अशा कामात यू वर्गातल्या आय-७ ला सहज मागे टाकतो. मशीन लर्निंगकडे (संगणकाला माहितीवरून शिकवण्याकडे) गेला तर प्रोसेसरपेक्षा ग्राफिक्स कार्ड महत्त्वाचं. सुरुवातीचं शिक्षण तर गूगल कोलॅबवर, म्हणजे गूगलच्याच संगणकांवर, ब्राउझरमधून मोफत होतं.

राहिली नोकरी. मुलाखतीत कोड लिहायला सांगतात, तो असा का लिहिला हे विचारतात, केलेला प्रोजेक्ट समजावून सांगायला लावतात. ऑनलाइन कोडिंग चाचण्यांमध्ये त्याचा प्रोग्राम बहुतेक वेळा त्यांच्या सर्व्हरवर चालतो. तिथे त्याच्या लॅपटॉपवर कुठलं स्टिकर आहे याचा काही संबंध नसतो. दुसऱ्या वर्षात मुलं एकमेकांची मशीन बघून धास्तावतात, आणि ती धास्ती खरी असते. त्याला नुसतं ‘नाही’ म्हणू नका, वरची तपासणी त्याच्याच हातून करून घ्या. उद्या नोकरीत हेच तर करायचं आहे त्याला: प्रोग्राम कुठे अडतो ते शोधणं. आणि ताई, तुम्ही त्याच्या आड येत नाही आहात. त्याची फी राखून ठेवणं हे त्याच्या करिअरचंच काम आहे.

अडकण्याच्या वेळचे मेमरी आणि प्रोसेसरचे आकडे, तसंच रॅमचे स्लॉट किती, एवढं त्यालाच मला लिहून पाठवायला सांगा. किती रॅम घ्यायची ते त्यावरून कळवते.